मले गोडच आवडते

आमच्या घरी चहात साखर फार असायची. श्रीमंती होती म्हणून नव्हे. सकाळचा चहा हेच सकाळचं जेवण होतं म्हणून. रात्रीची पोळी त्यात बुडवून खायची आणि शाळेची वाट धरायची. दुपारपर्यंत पोरांचं पोट गप्प बसावं म्हणून आई साखरेचा हात सढळ ठेवायची. दुधाच्या बाबतीत तो हात आपोआप आखडायचा.

बाबा नागपूरच्या इतवारी बाजारात हातठेला ओढायचे. भांड्यांच्या दुकानांतून पितळेचे हंडे, स्टीलच्या कोठ्या भरायच्या आणि गल्लीबाहेर उभ्या असलेल्या टेम्पोपर्यंत नेऊन द्यायच्या, हे त्यांचं काम. दुकानांच्या पाट्या त्यांना वाचता येत नसत, रंगावरून ओळखायचे. आई एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटायला जायची. लग्नसराईत दोन्ही हात भरून काम, आणि चातुर्मास लागला की काहीच नाही. त्या चार महिन्यांत देव झोपतात म्हणतात. आमच्याकडे चूलसुद्धा अर्धीच जागी असायची.

त्या घरातून मी बी.ए. झाले. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो झाकून ठेवायचं काही कारण मला दिसत नाही. पुढं हॉटेलच्या कामाचा एक वर्षाचा कोर्स केला आणि वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात मुलाखतीला गेले. तिथं मला घाटोळे मॅडम भेटल्या.

प्रमिला घाटोळे. हॉटेलच्या रेस्टॉरंटच्या मुख्य, आणि तिथं मिळणाऱ्या वाइनचा सगळा कारभार त्यांच्याकडे. वाइनचं काम बघणारी बाई म्हटल्यावर माझ्या डोक्यात कापलेले केस आणि उंच टाचांची चप्पल असं चित्र होतं. समोर बसली होती पन्नाशी ओलांडलेली, करवती काठाची सुती साडी नेसलेली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली बाई. साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज. दिवसभर उभं राहायचं तर पाय आधी, फॅशन मागून, असं त्यांचं म्हणणं.

मुलाखतीला आम्ही काही मुलं-मुली रांगेत बसलो होतो. मॅडमनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला.

"चहात साखर किती लागते?"

माझ्या आधीचा मुलगा म्हणाला, "मी ब्लॅक कॉफी घेतो, मॅम." त्याच्या आधीची म्हणाली, "शुगरलेस." माझी पाळी आली. मी म्हटलं, "तीन चमचे. कप लहान असला तर दोन."

मॅडमनी चष्मा नाकावर चढवला. "एवढ्या लोकांसमोर सांगायले लाज नाही वाटली?"

"कायची लाज जी? गोड लागते मले."

त्या हसल्या. मोठ्यानं नाही, पण खांदे हलले. "उद्यापासून ये वं वैशाली," म्हणाल्या.

घरी आल्यावर आईनं शेजारी सांगितलं, पोरगी हॉटेलात हिशेब लिहिते. वाइनच्या कामाला लागली हे तिच्या तोंडून निघायला बरेच दिवस लागले. तो भाग सोडून देते, कारण मला माझं सांगायचं नाही, मॅडमचं सांगायचं आहे.

मॅडमची एक सवय होती. जेवणं आटोपून पाहुणे उठले की आमच्याकडच्या मुलांनी ग्लास लगेच उचलायचे नाहीत. आधी मॅडम फिरणार. हात मागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या टेबलांमधून चालायच्या आणि ग्लासांत काय उरलं ते बघायच्या. कोणी अर्धा सोडला, कोणी ओठ लावून ठेवून दिला, कोणी थेंबही ठेवला नाही.

"माणूस बिल देताना 'व्हेरी नाइस' म्हणते," त्या म्हणायच्या, "पण त्याचा ग्लास मागं राहून खरं सांगते. तुम्ही तोंडाचं ऐकू नका, ग्लासाचं ऐका."

आणि ग्लास काय सांगत होते? महागातली महाग ड्राय रेड, म्हणजे बिनसाखरेची तुरट लाल वाइन, टेबलाटेबलांवर अर्धी उरलेली. लोक मागवायचे तीच. पहिल्या घोटाला कपाळाला बारीकशी आठी पडायची. मग समोरच्याकडं बघून मान हलवायचे. समोरचाही मान हलवायचा. त्याच्याही कपाळाला आठी.

मॅडमना स्वतःला गोड वाइन आवडायची. ही गोष्ट त्या लपवत नसत, उलट विचारलं नाही तरी सांगत. कंपन्यांचे विक्रेते बाटल्या घेऊन यायचे, ग्लास फिरवून फिरवून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "मॅम, ही बोन ड्राय आहे, जाणकारांसाठी." मॅडम घोट घ्यायच्या, नीट चव बघायच्या, चांगली असली तर चांगली म्हणायच्या, मागणीही नोंदवायच्या. आणि मग म्हणायच्या, "मागणी लिहून घ्या. बाकी मले गोडच आवडते. त्यातलं काय आणलं?" विक्रेता जरा गोंधळायचा. एवढी मोठी पोस्ट, आणि ही बाई असं बोलून राहिली!

कधीतरी मी विचारलं होतं, "मॅडम, पहिल्यापासून तुम्ही असंच सांगायच्या काय?"

"कुठं वं!" त्या म्हणाल्या. "नवीन नवीन लागली तेव्हा मोठ्या शहरातल्या हॉटेलात होती मी. चव घ्यायले बसवलं सगळ्यांले. मी म्हटलं, ही गोडवाली मस्त आहे. आमचा मोठा साहेब म्हणाला, 'लहान मुलांची जीभ आहे हिची.' सगळे हसले. मग काय, लागली मी बी ड्राय ड्राय करायले. किती वर्षं खोटं पिऊन राहिली होती मी!"

मग एकदा त्यांची आई तिथं त्यांच्याकडं राहायला गेली. काटोलकडच्या संत्र्यांच्या बागेतली बाई. लेक एवढं कशाचं काम करते ते तरी बघावं म्हणून तिनं चमचाभर ड्राय वाइन चाखली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आपल्या बागेतलं संत्र असं निघालं असतं तं आपण ढोरांपुढं टाकलं असतं." मग मॅडमनी तिला दुसरी दिली, वेलावर जास्त दिवस ठेवून उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड. म्हातारीनं चमचा चाटला. "हे फळ आहे," म्हणाली.

"त्या दिवशी वाटलं," मॅडम म्हणाल्या, "माह्या आईची जीभ खोटी नाही. मग माही काहून खोटी असंन?"

पण कोणतीही गोड बाटली त्यांना चालायची असं नाही. दुपारी गर्दी ओसरली की त्या आम्हाला बसवून शिकवायच्या, आणि शिकवायच्या संत्र्यावरून. नागपूरच्या पोरांना दुसरं उदाहरण कशाला?

"निसतं गोड संत्र खाल्लं काय कधी? दोन फोडी खाता अन् ठेवून देता. अन् आंबटगोड असलं तं? डझन संपते. वाइनचं बी तसंच आहे. गोडाले मागून आंबट पाहिजे. घोट गिळल्यावर तोंडाले पाणी सुटलं तं समजा चांगली. जीभ चिकट झाली, पाणी प्यावंसं वाटलं, तं समजा निसती साखर आहे, पैसे वाया."

बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायलाही त्यांनीच शिकवलं. मद्यार्काचा आकडा कमी असला तर बहुतेक द्राक्षातली साखर तशीच मागं राहिलेली असते. 'लेट हार्वेस्ट' लिहिलं असलं तर उशिरा तोडलेली द्राक्षं. आणि गोड वाइन थंडगार द्यायची, छोट्या ग्लासात द्यायची. "ग्लास भरून द्यायले ते काय ताक आहे?" त्या ओरडायच्या. स्वतः घेतली तर एक छोटा ग्लास, त्यावर दुसरा घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. गाडी चालवून जाणाऱ्याला त्या सरळ नाही म्हणायच्या, मग तो कोणी का असेना.

आणखी एक नियम होता, आणि आमच्या कामात सगळ्यात अवघड तोच. पाहुण्याला 'स्वीट की ड्राय?' असं विचारायचं नाही. कोर्समध्ये आम्हाला हाच प्रश्न पहिल्या दिवशी पाठ करायला लावला होता.

"तो प्रश्न नाही, तो पेपर आहे," मॅडम म्हणायच्या. "चार लोकांत बसलेल्या माणसाले विचारलं तं तो काय म्हणंन? ड्रायच म्हणंन. ड्राय म्हटलं की पास, स्वीट म्हटलं की नापास. आपण इथं परीक्षा घ्यायले बसलो काय?"

"मग काय विचारायचं?"

"जेवणात काय घेऊन राहिले ते विचार. तिखट किती खाता विचार. चहा कसा घेता विचार. त्यात कोणी खोटं नाही बोलत." मग माझ्याकडं बघून म्हणायच्या, "मुलाखतीले आलेले सोडून."

खडीसाखरेचा प्रसंग मी विसरणार नाही.

उमरेडकडचं एक कुटुंब पोरीच्या साखरपुड्याचं बोलणं पक्कं करायला आलं होतं. मुलाकडचे शहरातले, हे गावातले. मुलाच्या वडलांनी सगळ्यांसाठी रेड वाइन मागवली. "हार्टसाठी चांगली असते," असंही म्हणाले. पोरीच्या आईपुढंही ग्लास आला. त्या काकूंना नको म्हणता येईना. व्याही नवे होते, पोरीच्या संसाराचा प्रश्न होता. त्यांनी घोट घेतला आणि चेहरा तसाच ठेवला. माझ्या आईला पाहुण्यांसमोर जसा ठेवताना मी पाहिलं आहे, अगदी तसा.

थोड्या वेळानं बडीशेपेची वाटी टेबलावर गेली. शेजारचं टेबल आवरता आवरता माझं लक्ष गेलं. काकूंनी बडीशेप नीट बाजूला केली, खडीसाखरेचे खडे वेचले, मूठ टेबलाखाली नेली. ग्लासही हळूच मांडीवर घेतला. टुपुक, टुपुक. मग मधल्या बोटानं ढवळलं आणि बोट पदराला पुसलं.

आमच्यातला एक मुलगा हसू दाबत आत पळाला आणि सगळ्यांना बोलावून आणायला लागला. मॅडमनी त्याला दारातच अडवलं. "काय झालं?" त्यानं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. "अन् तुले त्यात हसायले काय आलं? त्या बाईनं स्वतःची सोय केली. आपलं काम तिले करा लागलं."

त्या टेबलाजवळ गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माफ करा जी, आमच्याकडून चूक झाली. ह्या ताईंचा ग्लास दुसऱ्या टेबलाचा आला." ग्लास उचलला. आतून छोट्या ग्लासात थंड गोड वाइन घेऊन आल्या आणि काकूंपुढं ठेवली. काकूंनी आधी मॅडमकडं पाहिलं, मग ग्लासाकडं. घोट घेतला. आणखी एक घेतला.

"ही बरी आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"मी बी हीच घेतो, ताई," मॅडम म्हणाल्या.

व्याहीबुवांनी विचारलं, "यांना कोणती दिली? आम्हाला बी दाखवा जरा." थोड्या वेळात त्या टेबलावर छोटे ग्लासच जास्त होते.

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. पण कार्डावर, म्हणजे पाहुण्यांच्या हातात देतो त्या वाइनच्या यादीवर, गोड वाइन शेवटच्या पानावर तळाशी, 'डेझर्ट' म्हणून दोन ओळींत उरकलेली होती. मॅडमच्या मनात गोड वाइनला पहिलं पान द्यायचं होतं. आमच्या रेस्टॉरंटात सगळे येतात ते वऱ्हाडी तिखट खायला. सावजी मटणाचा रस्सा, पाटवडीचा रस्सा, वर तर्रीचा लाल तवंग. त्यावर ड्राय रेड म्हणजे आगीत तेल. गोड आणि थंड घोट मात्र जिभेची आग निववतो. "आपण पोह्यासोबत जिलेबी खातो," मॅडम म्हणायच्या, "तेव्हा कोणाले विचारतो काय, डेझर्ट आहे का म्हणून?"

आमचे मालक, त्यांना सगळे बाबूजी म्हणायचे, माणूस भला, पण लोक काय म्हणतील याची फार धास्ती. त्याच सुमारास त्यांनी नवीन कार्ड करायला मुंबईहून एक सल्लागार आणला होता. त्यानं केलेल्या कार्डात त्या दोन ओळीही काढून टाकल्या होत्या. मॅडम बाबूजींच्या केबिनमध्ये गेल्या. मी सोबत बाटल्या धरून उभी होते.

"मॅडम, अच्छा नहीं दिखता," बाबूजी म्हणाले. "पहिल्या पानावर गोड वाइन? बाहेरचे लोक म्हणतील, नागपूरवाल्यांना समजत नाही."

"बाबूजी, नागपूरवाल्यांले जे समजते तेच तं लिहून राहिली मी."

"तुम्ही मार्चमध्ये रिटायर होऊन राहिल्या. जाता जाता कशाला ही जिद्द?"

मॅडमनी माझ्या हातातली एक बाटली घेऊन टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "जाता जाताच. आजवर या टेबलांवर लोकांले तोंड वाकडं करून पिताना पाहिलं मी. मी गेली की ग्लास पाहायले इथं कोणी राहीन की नाही, मले माहीत नाही. पान राहिलं तं ज्याले गोड पाहिजे त्याले कोणाले विचारा नाही लागन. बोट ठेवलं की झालं."

बाबूजींनी पेन टेबलावर वाजवलं. "ठीक है. रविवारी दुपारी धंतोलीच्या डॉक्टर लोकांचं जेवण आहे. जाणते लोक आहेत. तुमच्या पद्धतीनं करा. त्यांना जमलं तर पान तुमचं, पहिलं. नाही जमलं तर सोमवारी मुंबईवाल्याचं कार्ड छापायला जाते."

केबिनच्या बाहेर आल्यावर मॅडमनी चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसतच होत्या.

रविवार उजाडला. हिवाळ्याची स्वच्छ दुपार. डॉक्टर मंडळी जोडीनं आली. त्यांच्यात एक शल्यचिकित्सक होते, सगळ्यांत वडील, सगळे त्यांना 'सर' म्हणत. निम्मे त्यांचे विद्यार्थीच होते. सर बसले की बाकी बसणार, सरांनी घास घेतला की बाकी घेणार.

मॅडमनी प्रत्येकापुढं दोन छोटे ग्लास ठेवले होते. उजवीकडं ड्राय रेड, डावीकडं थंड गोड. नाव नाही, चिठ्ठी नाही. कोणाला काही विचारायचं नाही, मागतील ते पुन्हा भरायचं. बाबूजी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे.

रस्सा वाढला गेला. मी कडेला उभी राहून बघत होते. लोकांचे हात डावीकडं जात होते. एक जण तर डावीकडचा ग्लास संपवून इकडं तिकडं बघत होता, मागावा की नाही म्हणून. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात सरांनी डावीकडचा घोट घेतला, ग्लास ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, हे काय सरबत देऊन राहिले? आम्ही काय बारशाले आलो?"

सगळे हसले. आणि हसता हसता हात मागे आले. डावीकडचे ग्लास टेबलावर टेकले, उजवीकडचे उचलले गेले. मघाचा तो ग्लास संपवलेला डॉक्टर सगळ्यांत जास्त हसत होता. दाराशी बाबूजींनी खिशातून रुमाल काढला.

मॅडम सरांजवळ गेल्या. मला वाटलं आता त्या द्राक्षं, उशिराची तोडणी, सगळं समजावून सांगतील. त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही.

"नाही आवडली तं राहू द्या, सर. उजवीकडची कशी वाटली?"

"ही चांगली आहे."

"मग हीच भरतो." त्यांनी ग्लास भरला. आणि बाटली पुसता पुसता, कोणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं म्हणाल्या, "मले विचाराल तं, मले गोडच आवडते."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं त्या आवाजात काही नव्हतंच.

मग सरांच्या बाईसाहेब बोलल्या. त्याही डॉक्टर, लहान मुलांच्या. रश्श्यानं त्यांचं नाक लाल झालं होतं. "मले बी," त्या म्हणाल्या. "मॅडम, ते सरबत मले अजून द्या बाप्पा. तोंडाची नुसती आग होऊन राहिली."

सर म्हणाले, "अगं, पण..."

"तुम्ही घ्या ना तुमचं! मी कुठं नाही म्हटलं? अन् घरी शिऱ्यावर वरून साखर घेता ते सांगू काय यांना?"

"शिरा वेगळा."

"शिरा वेगळा असंन, जीभ तं तीच हाये ना?"

आता खरं हसू आलं, सरांनाही. आणि टेबलाच्या त्या टोकाकडून आवाज आला, "मॅडम, इकडं बी ते सरबत." मग आणखी एक. नावच पडलं, सरबत. एका डॉक्टरांजवळ मॅडम वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाले शुगर आहे काय?" "थोडी आहे." "मग नाही. तुम्ही उजवीकडची घ्या, अन् ती बी अर्धीच." डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "घ्या! इथं बी मलेच पेशंट करून टाकलं."

मंडळी हात धुवायला उठली तेव्हा मॅडमनी आम्हाला थांबवलं. ग्लास कोणी उचलायचे नाहीत. बाबूजींना घेऊन त्या टेबलाभोवती फिरल्या. डावीकडचे जवळजवळ सगळे ग्लास रिकामे. उजवीकडचे बहुतेक अर्धे, काही तसेच भरलेले. बाबूजी एकेक ग्लास बघत चालत होते.

सरांच्या जागेपाशी मॅडम थांबल्या. तिथं उलटं होतं. डावीकडचा एक घोट सोडला तर भरलेला, उजवीकडचा पार रिकामा.

मला वाटलं, हा एक निकाल आपल्या विरुद्ध गेला. मॅडमचा चेहरा मात्र खुलला. "पाहा बाबूजी, हा माणूस खरा आहे. याले खरंच ड्राय आवडते. चूक याची नाही. बाकीचे याची आवड पीत होते."

त्या मुद्दाम दाराशी गेल्या, सरांना निरोप द्यायला. सर जरा अवघडले होते. "मॅडम, मी ते सरबत म्हणालो..."

"म्हणा ना जी. नाव काही बी ठेवा. तुम्हाले जे आवडलं ते तुम्ही पूर्ण पिलं, यात सगळं आलं. असे पाहुणे आमच्याकडं कमी येतात."

बाबूजींनी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. "मॅडम, पहला पन्ना आपका," तिथंच म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "अन् दुसरं पान ड्रायचं. त्यात सर्वांत वर त्यांनी पिली ती. ज्याले ती पाहिजे त्याले बी शोधा लागू नये."

मार्चमध्ये मॅडम निवृत्त झाल्या. समारंभ नको म्हणाल्या. भाषण करणाऱ्यांचे ग्लास नेहमी भरलेले राहतात, असं त्यांचं कारण.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. त्रिमूर्तीनगरच्या बाजूला एका दारूच्या दुकानासमोर, भर दुपारी. लोखंडी जाळीपुढं पुरुषांची गर्दी, कोणी रुमाल बांधलेला, कोणी हेल्मेट न काढता उभा. त्यांच्यात मॅडम. सुती साडी, पांढरे बूट, खांद्याला कापडी पिशवी. मी रस्त्याच्या पलीकडं सिग्नलला थांबले होते. तरी आवाज नीट ऐकू आला, कारण तिथं बाकी सगळे दबक्या आवाजात बोलत होते.

"दादा, गोड कोणती आहे? लेट हार्वेस्ट? दाखव. थंड आहे काय?"

दुकानदारानं बाटली काढली आणि सवयीनं वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला.

"कागद नको. चोरी केली काय मी?"

त्यांनी बाटली तशीच उघडी हातात घेतली, डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षर वाचलं. मागं एक तरुण नवरा-बायको घुटमळत उभे होते. ती मुलगी त्या बाटलीकडं बघत होती. मॅडमनी बाटली तिच्यापुढं धरून काहीतरी सांगितलं. मुलगी हसली. तिनं नवऱ्याच्या खांद्यावर टकटक केलं आणि ती स्वतः जाळीकडं पुढं झाली. रांगेतल्या माणसांनी तिला वाट दिली. सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले आणि मला गाडी काढावी लागली.

ते पान राहिलं. त्यानंतर आमचं कार्ड दोनदा नव्यानं छापलं, कागद बदलला, रंग बदलला, वाइनची नावंही बदलली. गोड वाइनचं पान पहिलंच आहे, आणि ते कार्ड आता मी ठरवते.